जमदग्नी आणि गुरुवार

चूक माझी नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या दवाखान्याच्या दारावर 'ढकला' असं ठळक अक्षरांत लिहिलंय. माझ्या दोन्ही हातांत काचेची बरणी होती, म्हणून मी दार खांद्याने ढकललं. आता दारापलीकडे कुणी दोन बादल्या घेऊन पाठमोरं उभं असेल, हे काही दारावर लिहिलेलं नव्हतं.

धप्प! दार त्याच्या पाठीत बसलं, एक बादली कलंडली आणि हिरवट पाण्याचा लोंढा माझ्या नव्याकोऱ्या चपलांवरून बाहेर गेला.

"अहो, जरा बघून उभं राहावं माणसाने!" मी कडाडले.

तो वळला, खाली बसला आणि थेट माझ्या बरणीत डोकावला. "याला धक्का नाही ना बसला?"

"याला? आणि मी काय दगड आहे का?"

तेव्हा कुठे त्याने वर पाहिलं. पापण्यांवर पाण्याचे दोन थेंब... आणि चक्क हसत होता. आता मला राग यायला हवा होता. मी चिडकी आहे, घरीदारी सगळ्यांना ठाऊक आहे. पण राग आलाच नाही. नेमका हवा तेव्हा दगा देतो मेला!

मी दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी बसते. फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या आणि घाबरलेल्या पेशंटना 'काही दुखत नाही हो' असं धडधडीत खोटं सांगायचं. लोकांचा जीव रमावा म्हणून आमच्या डॉक्टरबाईंनी बाकांसमोर माशांची चार फुटी टाकी ठेवली आहे. ती साफ करणारा जुना माणूस काम सोडून गेला होता, त्याच्या जागी हा आला होता. दर पंधरा दिवसांनी, गुरुवारी.

बरणीतला मासा माझ्या ताईचा. लग्न होऊन जाताना तिने मला दोन गोष्टी दिल्या. एक दार न लागणारं कपाट आणि दुसरा हा फायटर. गडद निळा, अंगापेक्षा शेपटी लांब, आणि राग कायम नाकावर. नुसतं बोट पुढे केलं तरी गाल फुगवून अंगावर यायचा. आईने त्याचं नाव जमदग्नी ठेवलं. "घरात एक होतीच, आता दोन झाले," असंही ती म्हणाली, पण ते सोडा. घराला रंग लागत होता, त्या वासाने त्याला काही व्हायला नको म्हणून मी त्याला कामावर घेऊन आले होते.

"बरणीत किती दिवस आहे हा?" टाकीवाल्याने विचारलं.

"तात्पुरता आहे."

"किती दिवस?"

"...आठ महिने."

"आठ महिने तात्पुरता!" त्याने मान हलवली. "तुम्हाला कुणी आठ महिने तात्पुरतं मोरीत ठेवलं तर?"

"तर मी घर डोक्यावर घेईन."

"मग तो दुसरं काय करतोय?"

मी ऐकून घेतलं आणि बरणी त्याच्या हातात दिली. हे फार क्वचित होतं.

जमदग्नीला मोठ्या टाकीत सोडायचं त्यानेच डॉक्टरबाईंना सुचवलं. बाई आधी नाही म्हणाल्या. फायटर बाकीच्यांचा फडशा पाडेल अशी त्यांना धास्ती.

"फायटरचं वैर फायटरशी असतं, बाई," तो म्हणाला. "बाकीच्यांशी जमतं त्याचं. फक्त ओळख नीट करून द्यावी लागते. जबाबदारी माझी."

मग त्याने काय काय केलं ते मी टेबलाशी बसून पाहिलं. फोन वाजत होते, वाजू दिले. आधी त्याने झुबकेदार शेपटीचे दोन गप्पी बाहेर काढले. "यांना बघून त्याला वाटेल, भाऊबंद आले वाटणी मागायला." मग बाही खांद्यापर्यंत सारून हात पाण्यात घातला आणि इतके दिवस छान मांडलेले दगड, लाकडं, झाडं सगळं विस्कटून टाकलं.

"अहो, अहो! चांगलं लावलेलं का मोडताय?"

"जुने मासे आपापला कोपरा धरून बसलेत. नवा आला की हुसकावतात त्याला. सगळंच हलवलं की सगळेच नवे होतात. मग कोण कुणाला म्हणणार, 'तू कोण रे?'"

फिल्टरच्या तोंडाला त्याने स्पंजाचा तुकडा बांधला, पाण्याचा जोर या लांब शेपटीला सोसत नाही म्हणून. आणि मग जमदग्नीला एका पारदर्शक डबीत घालून ती डबी टाकीच्या आतच टांगली.

"आठवडाभर असाच राहू दे. एकमेकांना नुसतं बघू दे. बघण्याने निम्मं काम होतं."

"आणि उरलेलं निम्मं?" मी विचारलं.

"त्याला... धीर लागतो."

हे तो माशांकडे बघत म्हणाला की माझ्याकडे, ते मला आजही सांगता यायचं नाही. काचेत आम्ही सगळेच दिसत होतो.

पुढच्या गुरुवारी तो मुद्दाम आला आणि त्याने डबी तिरकी केली. जमदग्नी बाहेर आला, थबकला... आणि सरळ पोहत गेला. चार फूट! आठ महिने तो वीतभर जागेत गोल गोल फिरला होता. पलीकडच्या काचेशी पोचल्यावर तो वळला आणि पुन्हा चार फूट आला. माझे डोळे भरून आले. टाकीवाल्याने हातरुमाल पुढे केला. त्याला शेवाळाचा वास येत होता. तरी मी तो घेतला.

"दिवा रोज आठ तासच," जाता जाता त्याने बजावलं. टाकीमागच्या टायमरवर त्याने सकाळी दहा ते संध्याकाळी सहा अशी वेळ लावली होती. "जास्त जळला तर काचेवर शेवाळ धरतं. मग मला सारखं यावं लागेल."

हे वाक्य मी नीट लक्षात ठेवलं. नको त्या कारणासाठी.

पंधरा दिवस म्हणजे काय असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. पहिले तीन दिवस त्याचं बोलणं आठवण्यात जायचे. मग नुसते दिवस... एकामागून एक, सगळे सारखे, लवंगतेलाच्या वासाचे. मनातल्या मनात मी त्याला 'गुरुवार' म्हणू लागले होते. गुरुवार आज काय करत असेल? गुरुवार जेवला असेल का? आमच्या दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या मावशींची नजर घारीची. "काय गं, गुरुवारीच बरे केस धुवायला सुचतात तुला!" त्या म्हणायच्या. मी म्हणायचे, "पाणी गुरुवारी येतं, मावशी." पाणी रोज येत होतं.

आणि मग एका संध्याकाळी माझं बोट टायमरकडे गेलं. फार काही केलं नाही मी. सहावरची खूण अकरावर नेली, एवढंच.

दहाच दिवसांत काच हिरवी! डॉक्टरबाई म्हणाल्या, "अगं, मासे दिसेनात. बोलाव त्याला." मी अगदी कोरड्या, कामाच्या आवाजात फोन केला. "नमस्कार. शेवाळ फार झालंय. आता दर गुरुवारी यावं लागेल असं दिसतंय." मग तो म्हणाला, "यावं लागेल तर येईन." फोन ठेवला आणि मी समोरच्या पेशंटला इतकी गोड हसले की तो बिचारा जास्तच घाबरला.

ते सात गुरुवार... काय सांगू! तो काच घासायचा, मी उगाच वह्या चाळायचे. तो बादली भरायचा, मी नळ धरायचे. नळाला धरायची काही गरज नव्हती.

एकदा मला तरंगत्या पानाखाली पांढरा फेस दिसला. "ई, हे काय? थुंकलाय का हा?"

"घरटं आहे ते," तो म्हणाला. "नर बांधतो. बुडबुड्यांचं."

"पण इथे मादी कुठाय?"

"नाहीये."

"मग?"

"मग काय... बांधून ठेवतो. आली तर घर नको?"

त्याचा हात पाण्यातच थांबला होता. मी काचेशी आणखी वाकले. "आणि नाहीच आली तर?"

"बुडबुडे फुटतात. तो परत बांधतो."

मी पटकन फोन उचलला आणि 'हॅलो' म्हणाले. फोन वाजलाच नव्हता. मावशी फडकं तोंडाशी धरून खुदखुदत मागच्या खोलीत गेल्या.

आणि त्याच दिवसांत जमदग्नीची शेपटी फाटायला लागली.

आधी कडेला एक चीर, मग तीन, मग ठिकठिकाणी झिरझिरीत. तो खाईना. दिवसभर कोपऱ्यात पानावर अंग टाकून पडून राहायचा. मी बोट पुढे केलं तरी गाल फुगवायचा नाही, आणि ते मला बघवत नव्हतं. टाकीवाल्याचा संशय लाल शेपटीच्या सहा टेट्रा माशांवर आला. लचके तोडायची खोड असते म्हणे त्यांना. त्याने ते पकडून नेले. शेपटी फाटतच राहिली. मग त्याने एकेक दगड बाहेर काढून त्यावरून तलम कापड फिरवलं, कुठे अडकतंय का बघायला. कुठेच अडकलं नाही. तरीही शेपटी फाटतच राहिली.

शेवटी डॉक्टरबाईंनी त्याला माझ्यासमोरच बोलावून घेतलं. "लोक आधीच घाबरून येतात इथे. त्यांच्यापुढे हा फाटका मासा नको. जबाबदारी तुमची म्हणाला होतात. पुढच्या गुरुवारपर्यंत बघा, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

"हो, बाई," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

बादल्या उचलताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "दहा वर्षं करतोय हे. मला वाटायचं, येतं आपल्याला. बहुतेक येत नसावं."

त्याचं ते वाक्य माझ्या काळजात रुतून बसलं. मी नुसतं "असं नका हो म्हणू" एवढंच म्हणू शकले.

त्यानंतरच्या सोमवारची गोष्ट. सातला दवाखाना बंद करून मी निघाले, बसथांब्याशी पोचते तोच पाऊस लागला आणि छत्री टेबलाखाली राहिल्याचं आठवलं. भिजत परत आले, कुलूप काढलं. आत काळोख होता, फक्त टाकी उजळलेली. माझ्या त्या चोरट्या अकरापर्यंतच्या दिव्याने.

आणि जमदग्नी काचेशी होता. दिवसभर मरगळून पडलेला तो जीव पूर्ण फुगला होता, गाल ताणून, फाटकी शेपटी पसरून, समोर पुन्हा पुन्हा झेपावत होता. समोर तर कुणीच नव्हतं. मी वाकून टाकीच्या बाजूच्या काचेतून आत पाहिलं, आणि मग कळलं. बाहेर काळोख आणि आत उजेड, त्यामुळे काचेचा आरसा झाला होता. त्या आरशात एक दुसरा निळा फायटर होता, तितकाच फुगलेला. माझा जमदग्नी आठ आठवडे रोज संध्याकाळी सात ते अकरा त्याच्याशी लढत होता. तो दुसरा काही हरत नव्हता आणि हा काही मागे हटत नव्हता.

मी दिवा घालवला. केसांतून पाणी गळत होतं. मी बाकावर बसले आणि हमसून हमसून रडले.

कुणाला काही कळलं नसतं, हेही सांगते. टायमर मुकाट्याने सहावर आणला असता, शेपटी भरून आली असती, टाकीवाल्याला वाटलं असतं आपलाच काहीतरी उपाय लागू पडला. माझी लाजही राहिली असती आणि गुरुवारही. टायमर तर मी त्याच क्षणी सहावर आणला. पण 'बहुतेक येत नसावं' म्हणतानाची त्याची ती खाली घातलेली मान... ती काही डोळ्यांपुढून हलेना.

गुरुवारी तो आला. मी त्याला आणि डॉक्टरबाईंना टाकीपाशी बोलावलं. मावशी फरशी पुसत होत्या.

"दिवा मी अकरापर्यंत जळत ठेवत होते," मी एका दमात सांगून टाकलं. "काळोखात काचेचा आरसा होतो. जमदग्नी स्वतःशीच भांडून फाटलाय. टेट्रांची चूक नाही, दगडांची नाही, आणि यांची तर नाहीच नाही."

"पण अकरापर्यंत कशाला?" बाई चकित झाल्या.

"शेवाळ यावं म्हणून."

"शेवाळ? शेवाळ कशाला हवं गं तुला?"

मी जमिनीकडे बघत राहिले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. धरणी ढिम्म. पण मावशींना राहवलं नाही. "अहो बाई, शेवाळ आलं की हे येतात. एवढं कळत नाही होय तुम्हाला?"

मग टाकीवाला अगदी हळू म्हणाला, "बाई... टायमर सरकलेला मी पाहिला होता. दुसऱ्याच आठवड्यात."

"मग मागे का नाही केलात?"

त्याने ओल्या हातांकडे पाहिलं. "मलाही शेवाळ हवं होतं."

माझं काळीज असं काही उडालं की विचारू नका! पण त्याचा चेहरा आनंदाचा नव्हता. "काळोखात काचेचा आरसा होतो, हे मला कळायला हवं होतं. पहिलीच गोष्ट असते ती. पण तो टायमर दिसला की मी बघून न बघितल्यासारखं करायचो. जबाबदारी माझी होती."

डॉक्टरबाईंनी तोंडावरचा मास्क खाली ओढला. "म्हणजे तुमच्या दोघांच्या या... शेवाळात माझा मासा फाटला."

"तो माझा आहे, बाई," मी पुटपुटले.

"तू गप्प बस! या टाकीला खरा धोका असेल तर तुम्हा दोघांचाच आहे. पुढच्या गुरुवारपासून दुसरा माणूस येईल."

त्याने एका शब्दाने विनवणी केली नाही. घरी जाऊन ते सहा टेट्रा पिशवीतून घेऊन आला, पाण्याशी पाणी जुळेपर्यंत पिशवी टाकीत तरंगत ठेवली, मग त्यांना सोडलं. बादल्या उचलल्या. दाराशी थांबून एवढंच म्हणाला, "शेपटी परत येते. वेळ लागतो." आणि गेला. मागे वळूनही पाहिलं नाही.

नवा माणूस खोकत येतो. वीस मिनिटांत काच पुसतो, माशांना 'चला, हटा' म्हणतो आणि जातो. त्याचं काही चुकत नाही, तरी मला त्याचा राग येतो. त्याचं चुकतं एवढंच की तो गुरुवारी येतो.

टाकीवाल्याचा नंबर मला तोंडपाठ होता. पण फोन करून सांगणार काय? की काच स्वच्छ आहे? आत्तापर्यंत आमच्यात जे काही होतं ते हिरव्या काचेच्या आडोशाने होतं. आता काच लख्ख होती आणि तिच्यापलीकडे तो नव्हता. आणि तो रागावलेलाच असणार... माझ्यामुळे त्याचं काम गेलं, वर तीन आठवडे बिचारा स्वतःलाच अडाणी समजत राहिला. त्याच्या जागी मी असते तर जन्मभर तोंड पाहिलं नसतं. दारावर कुणाची चाहूल लागली की मान आपोआप वळायची. दुखऱ्या दाढा आत यायच्या. मी म्हणायचे, "काही दुखत नाही हो," आणि माझंच मला हसू यायचं.

जमदग्नीची शेपटी मात्र येत होती. आधी कडेने काचेसारखा पारदर्शक पापुद्रा, मग त्यात हळूहळू निळा रंग. सहाला टायमर टक्क करायचा, दिवा जायचा, आणि तो शहाण्यासारखा पानावर जाऊन टेकायचा. एका सकाळी पानाखाली पुन्हा फेस दिसला. "कुणासाठी रे?" मी विचारलं. त्याने गाल फुगवले. मला इतकं बरं वाटलं, आणि इतकं वाईटही वाटलं.

पाच आठवडे झाले. त्या दिवशी सोमवार होता, सहा वाजत आलेले, बाकांवर कुणी नाही. दारावर टकटक झाली. 'ढकला' लिहिलेलं असताना टकटक करणारा कोण हा शहाणा, म्हणून मी तणतणत उठले आणि दार ओढलं.

तो होता. दारापासून चांगला दोन हात लांब उभा. आणि हात रिकामे.

"आज सोमवार आहे," मी म्हणाले.

"माहितेय."

"टाकी... साफ आहे."

"दिसतेय इथून."

"दाढ दुखतेय का?"

"नाही."

"मग काय काम काढलंत?"

त्याने हात खिशात घातले, परत बाहेर काढले. बादल्या नसल्या की त्याला हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं. "काहीच काम नाही. पाच आठवडे कारण शोधत होतो यायला. सापडेना. म्हटलं... आता बिनकारणाचंच जावं."

आणि इतक्या दिवसांनी, नको त्या वेळी, माझा राग धावून आला. "पाच आठवडे? पाच? अहो, तेवढ्यात जमदग्नीची अख्खी शेपटी उगवून आली! मला वाटलं, तुम्ही कायमचे रागावलात!"

"रागावलो होतो," तो म्हणाला. "तुमच्यावर दोन दिवस, स्वतःवर जरा जास्त. मग गुरुवार आला... आणि सकाळी उठून कुठे जायचं तेच कळेना."

माझा राग जिथल्या तिथे विरघळला. आता लपवालपवी पुरे झाली होती. "तुम्ही मला आवडता," मी म्हणाले. "शेवाळ नसतानाही."

तो हसला. पहिल्या दिवशी हसला होता तसाच, फक्त आज पापण्यांवरचं पाणी बादलीतलं नव्हतं. एक पाऊल पुढे आला आणि त्याने माझा हात धरला. त्याचा हात कोरडा होता. कोरडा हात मी पहिल्यांदाच पाहत होते त्याचा.

मागे टायमर टक्क वाजला आणि टाकीतला दिवा गेला.

"कोण आलंय गं?" आतून डॉक्टरबाईंचा आवाज आला. "टाकीवाला का?"

"नाही, बाई," मी म्हणाले. "माझ्याकडे आलेत."